मदत हवी आहे: गुडघ्यात हायलुरोनिक अॅसिडचं इंजेक्शन घ्यावं का?

रानजाई
आईसाठी विचारतेय. वय 66, दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्सरेत झीज 4 पैकी उजवा ग्रेड 3 आणि डावा ग्रेड 2. मधुमेह आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) वाढल्यामुळे वेदनाशामक गोळ्या बंद केल्यात. उजव्या गुडघ्यात अधूनमधून पाणी होतं. आता 'वंगणाचं इंजेक्शन' सुचवलंय. एकदाच घ्यायचं बरं की आठवड्याला एक अशी तीन? की स्टिरॉइड घ्यावं? आणि नंतर काय जपायचं?

सांधेजोड
ब्रँड नंतर, आधी अपेक्षा ठरवा. निरोगी सांध्यातल्या द्रवात हायलुरोनिक अॅसिड असतंच. झीज झाली की त्याचं प्रमाण घटतं, रेणूंच्या लांब साखळ्या आखूड होतात आणि द्रव पातळ पडतो. पण बाहेरून घातलेलं जेल सांध्यात काही दिवस, फार तर काही आठवडे राहतं. त्यामुळे 'वंगण भरलं' हे बोलायला सोपं, इतकंच. कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गादी) नव्याने तयार होते असं कोणी सांगत असेल, तर तिथून उठावं. गुण आलाच तर काही आठवड्यांनी जाणवतो, दोन महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि सहाएक महिन्यांत ओसरतो.

पुराव्याचं म्हणाल तर 2022 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात खोट्या (औषध नसलेल्या) इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेतला फरक 100 पैकी जेमतेम 2 गुणांचा निघाला. त्याच वर्षी ब्रिटनच्या नाइसने (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था) हे इंजेक्शन देऊ नये असं सांगितलं. ओआर्सी या सांधेझिजेवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मात्र 2019 मध्ये गुडघ्यापुरती सशर्त मोकळीक दिली होती. नुसत्या सलाइननेही अनेकांना बरं वाटतं, खरी गोम तिथे आहे.

एक की तीन, यात कोणतंही सरस ठरलेलं नाही. सिनव्हिस्क-वन या ब्रँडची 6 मिलीची एक सुई म्हणजे सिनव्हिस्कच्या 2 मिलीच्या तिन्ही सुया एकदम. सुया जितक्या कमी, तितकी जंतू आत जायची संधी कमी, म्हणून मी एकाच्या बाजूने. वेगवेगळ्या ब्रँडचे मिलिग्रॅम मात्र एकमेकांशी ताडू नका, रेणूंचा आकारच वेगळा असतो. सिनव्हिस्क कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतं. अंडी किंवा पिसांची अॅलर्जी असेल तर जिवाणूंपासून बनवलेलं ड्युरोलेन किंवा युफ्लेक्सा विचारा.

सुईदोरा
पाणी झालेल्या गुडघ्यात तसंच जेल घालू नये, ते त्या पाण्यात पातळ होतं. आधी पाणी काढायचं, सुई तिथेच ठेवून सिरिंज बदलायची आणि मग जेल. निघालेलं पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी जेल नाहीच, पाणी तपासणीला जातं.

पाय सरळ, सुई वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कडेखालून, साधारण 18 ते 22 गेज जाडीची. सुई सांध्यात न जाता चरबीत राहिली की दुखणं वाढतं आणि गुण शून्य. गुडघा जाड असेल तर सोनोग्राफीवर बघून द्यायला सांगा. त्वचा पुसायला बेन्झाल्कोनियम किंवा सेट्रिमाइड असलेलं औषध नको, त्याने हायलुरोनिक अॅसिडचा साका होतो.

नंतर 48 तास जिने, उकिडवं बसणं आणि तासाभराहून जास्त सलग उभं राहणं टाळा. घरातल्या घरात चालायला हरकत नाही.

नाडीपरीक्षा
स्टिरॉइडचा गुण काही दिवसांतच येतो, पण बहुधा महिना-दीड महिनाच टिकतो. मधुमेहात त्याने साखर काही दिवस चढते, तेव्हा रोज मोजावी लागते. जेलने साखर चढत नाही, आईंच्या बाबतीत त्याचा खरा फायदा हाच. तरीही मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं, या दोन्हींपुढे सुई दुय्यम. डायक्लोफिनॅक जेल वरून लावून पाहिलंय का? त्यातलं रक्तात फार थोडं जातं, तरी क्रिएटिनिन वाढलेलं आहे म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

रानजाई
जेल नाही लावलेलं, विचारते. इंजेक्शननंतर गुडघा सुजला तर? आणि आई रक्त पातळ करणारी गोळीही घेते.

सुईदोरा
गोळी मनाने बंद करू नका. गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी ती सहसा थांबवत नाहीत. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी चाचणी) ताजा हवा.

थोडी सूज आणि ठणका दोन-तीन दिवस चालतो, बर्फ पुरतो. पण गुडघा टम्म फुगून गरम झाला, पाय टेकवेना, तर लगेच दाखवा, ताप नसला तरी. दोन शक्यता असतात. एक, जेललाच आलेली तीव्र प्रतिक्रिया: बहुधा एक ते तीन दिवसांत, आणि क्रॉसलिंक केलेल्या (साखळ्या एकमेकींना जोडलेल्या) जेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या सुईनंतर जास्त. दुसरी, सांध्यात जंतुसंसर्ग. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून सांध्यातलं पाणी काढून पेशी, स्फटिक आणि कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणं) तपासतात. अँटिबायोटिक शक्यतो त्यानंतरच. आधी दिलं तर कल्चर खोटं 'स्वच्छ' येऊ शकतं.

सांधेजोड
राहिलं एक. पुढच्या तीन महिन्यांत उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया व्हायची शक्यता असेल, तर त्यात आता कुठलंच इंजेक्शन नको, संसर्गाचा धोका वाढतो. हे सर्जनला आधीच विचारून घ्या.