बातमीखालच्या प्रतिक्रिया रोखणं ही गळचेपी आहे का?

रात्रपाळी
"प्रतिक्रिया मंजुरीसाठी रोखून धरणं म्हणजे वाचकांची गळचेपी. सगळं खुलं ठेवा, शिव्या गाळायला फिल्टर आहेतच." अशा अर्थाची पोस्ट कालपासून फिरतेय आणि जाणती माणसंही ती पुढे पाठवताहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

फिल्टर एस्टोनियातल्या डेल्फी या पोर्टलकडेही होता. शिव्यांच्या मूळ रूपांवर चालायचा, जोडीला तक्रारीचं बटण होतं. जानेवारी २००६ मध्ये एका फेरी कंपनीच्या बातमीखाली १८५ प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या सुमारे २० धमक्यांच्या आणि अपमानाच्या. सहा आठवड्यांनी वकिलाचं पत्र आलं, पोर्टलने त्याच दिवशी त्या काढल्या, तरीही जबाबदारी पोर्टलवरच आली. युरोपियन मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१५ मध्ये १५ विरुद्ध २ मतांनी हे मान्य केलं. भरपाई जेमतेम ३२० युरो, पण फिल्टर लावला की हात झटकता येतात ही समजूत तिथेच संपली.

आणि 'वाचक' म्हणजे कोण? अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने २०१६ मध्ये प्रतिक्रिया बंद केल्या तेव्हाचा जुलैचा हिशेब बघा: सुमारे ३ कोटी ३० लाख वाचक, ४ लाख ९१ हजार प्रतिक्रिया, लिहिणारे फक्त १९,४००. म्हणजे ०.०६ टक्के.

माणसाने वाचल्याशिवाय एकही प्रतिक्रिया दिसू नये. तेवढी माणसं नसतील तर मोजक्याच बातम्यांखाली जागा उघडा. न्यूयॉर्क टाइम्स २०१७ पर्यंत तेच करत होतं. १४ जण रोज ११ हजारांच्या आसपास प्रतिक्रिया वाचायचे आणि जेमतेम १० टक्के बातम्या खुल्या असायच्या.

शाईपेन
युरोपचा निकाल आणून इथे भीती घालू नका. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आहे: बेकायदा मजकुराची 'प्रत्यक्ष माहिती' मिळूनही तो काढला नाही तरच दुसऱ्याने लिहिलेल्याची जबाबदारी साइटवर येते. आणि २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना. कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या पत्राने जबाबदारी येत नाही. युरोपातही २०१६ मध्ये हंगेरीच्या इंडेक्स या बातम्यांच्या पोर्टलच्या प्रकरणात उलट निकाल लागला, कारण भाषा शिवराळ असली तरी त्यात धमकी वा द्वेष नव्हता. तो का गाळलात?

खरं दुखणं वेगळंच आहे. मंजुरीच्या रांगेत शिव्याच अडकतात असं नाही. बातमीतला आकडा चुकलाय, मथळा आतल्या मजकुराशी जुळत नाही, हे दाखवणारी साधी प्रतिक्रियाही तिथेच मरते. कारण कळवत नाहीत, दाद मागायची सोय नाही. याला संपादन म्हणत असाल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

रात्रपाळी
हंगेरीचा मुद्दा मान्य. पण कलम ७९ चं संरक्षण दुसऱ्याच्या मजकुरापुरतं आहे आणि त्यात निवड किंवा फेरफार करायचा नाही अशी अट आहे. बेकायदा मजकूर स्वतःहून काढला तर ती अट मोडत नाही, हे २०२१ च्या नियमांत लिहिलंय. मात्र बातम्या संपादित करणाऱ्या बऱ्याच डेस्कांवर प्रतिक्रियेतला एखादा शब्द बदलून ती सोडतात. ती सवय घातक आहे. पूर्ण ठेवा नाहीतर पूर्ण काढा.

खटपट्या
कायद्याचं तुम्ही बघा. फिल्टरबद्दल दोघंही वरवर बोलताय. मराठीत तो का फसतो ते कुणी सांगेल का? शिवीच्या पहिल्या अक्षरांवर नियम लावतात, मग शेतीच्या बातमीखालचं 'गांडूळखत' अडकतं आणि महाभारतावरच्या लेखाखालचं 'गांडीव'ही. तीच शिवी रोमन लिपीत किंवा अक्षरांमध्ये टिंबं घालून लिहिली की सुखरूप बाहेर. प्रतिक्रिया किती विषारी आहे याचे गुण देणारं गूगलच्या जिगसॉचं पर्स्पेक्टिव्ह हिंदी आणि हिंग्लिश ओळखायचं, मराठी त्याच्या यादीत नव्हती. मराठी मजकूर हिंदी समजून तपासला तर येणाऱ्या गुणांना काय अर्थ?

निशिगंधा
फसतो कारण नीट बांधत नाहीत. तुलनेसाठी मजकुराची वेगळी प्रत करा. तिचं युनिकोड (अक्षरांचे संगणकी संकेत) एकसारखं करून घ्या, अक्षरं जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हं, म्हणजे जॉइनर आणि नॉन-जॉइनर, काढा, 'गान्धी' आणि 'गांधी' एक होतील असे अनुनासिक अनुस्वारात आणा. मग पूर्ण शब्द अधिक विभक्तिप्रत्यय एवढंच जुळवा: ला, ने, चा, ची, च्या, ंना, ंनी. 'ळ' हा प्रत्यय नाही, त्यामुळे गांडूळ आपोआप सुटतो. आणि शब्दाची हद्द ठरवायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातला) तयार \b वापरू नका. जावास्क्रिप्टमध्ये तो देवनागरी अक्षरांना शब्दच मानत नाही, पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये मात्रेपाशीच शब्द तुटतो.

खटपट्या
जॉइनर काढले की 'पुढार्‍यांनी'तला र रफार होऊन पुढच्या य वर चढतो. लोकांचं मराठी बिघडवणारा हा सल्ला कशाला देता? आणि ह्रस्व-दीर्घाचं काय? निम्मे लोक हव्या त्या वेलांट्या देतात.

निशिगंधा
'वेगळी प्रत' हे शब्द वाचलेत का? वाचकाला मूळ मजकूरच दिसतो. घाईने खोडून काढण्याआधी दोन ओळी नीट वाचा. ह्रस्व-दीर्घ एक करा, पण फक्त शिव्यांच्या छोट्या यादीसाठी, आणि जुळलं तर काढून न टाकता रांगेत पाठवा. फिल्टरचं काम तेवढंच.

खटपट्या
प्रतीचं ठीक आहे, नजरेतून सुटलं. रोमनचं उत्तर अजून आलेलं नाही.

निशिगंधा
रोमनमधली प्रतिक्रिया सरळ माणसाकडे. एकेका शब्दाची इतकी स्पेलिंगं होतात की यादी पुरत नाही. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये महाहेट हा २५ हजार ट्वीटांचा संच काढला. द्वेष, अपमान, अश्लील आणि बाकीचं असे चार वर्ग पाडलेले. त्यावर शिकवलेलं मॉडेल निदान रांगेचा क्रम लावायला वापरता येईल. पण ट्वीट आणि बातमीखालचं भांडण यांची भाषा एक नसते, म्हणून निर्णय त्याच्यावर सोपवू नका.

शाईपेन
शिव्यांवर इतकी चर्चा झाली, पण आरक्षणाच्या बातमीखालच्या सर्वांत विषारी प्रतिक्रियेत एकही शिवी नसते. आडनाव असतं, 'गुणवत्ता' असते, 'जावई' असतं, सगळे शब्द सभ्य. रोख माणसाच्या ओळखीवर असतो. ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राने २०१६ मध्ये आपल्या ७ कोटी प्रतिक्रिया तपासल्या. सर्वाधिक अपमानास्पद प्रतिक्रिया झेललेल्या १० लेखकांपैकी ८ स्त्रिया होत्या आणि उरलेले २ कृष्णवर्णीय पुरुष. हे यादीने थांबत नाही, संदर्भ कळणाऱ्या माणसानेच थांबतं. तेवढ्यापुरतं रात्रपाळींशी सहमत, नाइलाजाने.

पण तो माणूस कोण? बातमी लिहिणाऱ्या डेस्कचाच असेल तर चूक दाखवणारी प्रतिक्रिया तो का सोडेल?

रात्रपाळी
खऱ्या नावाची सक्ती करा, निम्मी घाण जाईल.

शाईपेन
दक्षिण कोरियाने २००७ मध्ये केली. २०११ मध्ये नेट (Nate) आणि सायवर्ल्ड या तिथल्या साइटांमधून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदाच रद्द केला. आणि खेड्यातली मुलगी सरपंचाविरुद्ध स्वतःच्या नावाने लिहील असं वाटतं तुम्हाला?

रात्रपाळी
नावाचा आग्रह सोडतो. नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१७ मध्ये केलं तसं करा: प्रतिक्रियेआधी बातमीवर ३ प्रश्न, उत्तरं बरोबर आली तरच चौकट उघडते. मथळा वाचून भांडायला येणारे तिथेच गळतात. बाकी मंजुरी मात्र माणसाचीच, यावर मी ठाम आहे.

शाईपेन
मग नाकारलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला नियमाचा क्रमांक लावून कळवा, आणि बातमीतली चूक दाखवणारी प्रतिक्रिया डेस्कबाहेरच्या माणसाकडे जाऊ द्या. त्याशिवाय तुमची मंजुरी मला मंजूर नाही.

रात्रपाळी
क्रमांक लावायला हरकत नाही, ड्रॉपडाउनमध्ये ५-६ कारणं ठेवली की काम भागतं. डेस्कबाहेरचा माणूस कुठून आणायचा? रात्री ११ नंतर डेस्कवरच दोघं असतात.

शाईपेन
मग रात्री ११ नंतर प्रतिक्रिया बंद ठेवा आणि तसं बातमीखाली लिहा.