'रिसेप्टर ब्लॉकर'ला मराठीत काय म्हणावं?

केदार, देवगड:
औषधांवरचं एक माहितीपत्रक मराठीत करतोय. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची औषध चिकटण्याची जागा; मॉर्फीनसारख्या औषधांची (ओपिऑइडची) ती जागा अडवणाऱ्या 'ओपिऑइड रिसेप्टर ब्लॉकर'ला 'ग्राही-रोधक' लिहिलं. मावशीने विचारलं, "ग्राही म्हणजे गिऱ्हाईक काय रे?" कर्करोगाच्या वेदनांसाठी तिला मॉर्फीन चालू आहे. पुढे 'व्यसन' वाचून तर ती भडकलीच, "माका दारुडी समजतंस?"

मृणाल, दापोली:
मावशींची व्युत्पत्ती बरोबर आहे! ग्राही, ग्राहक, गिऱ्हाईक, सगळे 'ग्रह्' धातूचेच. आणि रागही रास्त. मॉर्फीन रोज घेतल्यावर शरीर त्याला सरावतं, एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अंगदुखी सुरू होते, हे 'अवलंबित्व'. नुकसान दिसत असूनही माणूस त्याच्यामागे धावत सुटतो, ते 'व्यसन'. तीच मात्रा पुढे कमी पुरते, त्याला कोशात 'सहनशीलता' असतं. मला त्यात सासुरवास ऐकू येतो. 'सराव' लिहा.

गणेश, वेंगुर्ले:
'रोधक' एकटा पुरणार नाही, कारण अडवण्याच्या तऱ्हा वेगळ्या. नॅलोक्सोन हे ब्लॉकर औषध मॉर्फीनच्याच कुलपात, म्हणजे रिसेप्टरमध्ये, शिरतं, पण कुलूप उघडत नाही. म्हणून जादा मात्रेने श्वास मंदावलेला माणूस त्याने सावरतो; आणि सरावलेल्या शरीरात तेच दिलं तर काही मिनिटांत विड्रॉल, म्हणजे तोच घाम-जुलाबांचा त्रास, उसळतो.

दुसरी तऱ्हा एनएमडीए रिसेप्टरची. तो ग्लूटामेट या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा, मॉर्फीनचा नव्हेच. आपल्या खारबांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, आठवा. दार उघडं असताना मधे ओंडका अडकला तर पाणी थांबतं. एमके-801 हे रसायन त्या रिसेप्टरच्या उघड्या वाटेत असंच अडकतं, आणि कॅल्शियम आत जायचं थांबतं. केटामाइनही याच जातीचं.
1991 मध्ये ट्रुहियो आणि अकिल या संशोधकांनी उंदरांना मॉर्फीनसोबत एमके-801 दिलं. सराव आणि अवलंबित्व दोन्ही कमी जडलं, मॉर्फीनचं वेदना मारण्याचं काम मात्र तसंच राहिलं. म्हणजे सराव जडणं हेही बहुधा मेंदूचं एक प्रकारचं शिकणंच, आणि शिकण्यात एनएमडीएचा हात असतो. पत्रकात हे घालाल तर एवढं नक्की लिहा, की एमके-801 माणसांसाठीचं औषध नाही. नाहीतर कोणीतरी मेडिकलवर मागायला जाईल.

मृणाल, दापोली:
मग पहिल्याला 'रोधक', दुसऱ्याला 'बोळा'?

गणेश, वेंगुर्ले:
बोळा मोरीतला वाटतो. 'मार्गरोधक' चालेल.

केदार, देवगड:
मावशीला उघाडी लगेच कळली, भातशेती खाजणातलीच. नॅलोक्सोनला ती 'भलतीच चावी' म्हणते. कंसात तेच छापतोय.