ॲडमिरल्टीतलं ते भाषण उगाच नाहीये

'दॅट हॅमिल्टन वुमन' हा पिक्चर म्हणजे ब्रिटिश नौसेनानी नेल्सन आणि एमा हॅमिल्टनची निव्वळ लव्हस्टोरी, प्रोपगंडा हे नंतर चिकटवलेलं लेबल, असं इथल्या चर्चेत म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. १९४१ ला, अमेरिका अजून दुसऱ्या महायुद्धात उतरलेली नसताना, दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने हा पिक्चर हॉलिवूडमध्ये बनवला आणि त्यात नेल्सन ॲडमिरल्टीला (ब्रिटिश नौदलाच्या वरिष्ठ मंडळाला) ठणकावून सांगतो की हुकूमशहांशी तह होत नसतो, त्यांना संपवावंच लागतं, आता नाव नेपोलियनचं असलं तरी तेव्हाच्या प्रेक्षकाला त्यात हिटलर दिसणारच ना! युद्धाचा प्रचार करणाऱ्या सिनेमांची त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने चौकशी लावली, तिच्या रडारवर हाही होता, मग जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि चौकशीच बारगळली.

आणि चर्चिलचं कोणीच कसं लिहिलं नाही? ऑगस्टमध्ये रूझवेल्टला भेटायला जाताना 'प्रिन्स ऑफ वेल्स' युद्धनौकेवर त्याने हाच पिक्चर लावला, आधी अनेकदा बघूनही डोळ्यांत पाणी, आणि सोबत बघणारे बरेच अधिकारी मे महिन्यात 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेशी लढून आलेले (पुढे डिसेंबरात जपानी विमानांनी तीच नौका मलायाजवळ बुडवली). लव्हस्टोरी सुंदरच आहे, एमा झालेली व्हिव्हियन ली तर अप्रतिम, पण त्या लोकांनी तो फक्त लव्हस्टोरी म्हणून बघितला असेल हे शक्यच नाही.