चाळिशीतल्या माणसाच्या चेकअपमधी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ताची टेस्ट) टाकायची गरज काय?

तापीकाठ, जळगाव: लहान भाऊ ४३ चा. कंपनीच्या फुल बॉडी चेकअपमधी पीएसए ४.६, म्हणजे जास्त आली. लघवीचा त्रास नाही, घरात कोणाला प्रोस्टेटचा कॅन्सर नाही, तरी दुसऱ्याच दिवशी त्या लॅबवाल्यांचा फोन, बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणी) करून घ्या. ना लघवी तपासली ना परत रक्त घेतलं, आणि इकडे वहिनी रडून रडून अर्धी झाली. माझं मत स्पष्ट आहे, पन्नाशीच्या आत आणि घरात इतिहास नसताना ही टेस्ट न विचारता करूच नये. अमेरिकेत कोणती तपासणी कोणाला करावी याचा सल्ला देणाऱ्या टास्क फोर्सनं २०१८ मधे ५५ ते ६९ वयालाच सांगितली, तीही डॉक्टरशी बोलून मग ठरवा म्हणून. २०१२ मधे तर कोणालाच नको म्हटले होते.

धुळेकर आप्पा: नाही पटलं भो. माझे काका ५१ ला गेले. कंबर दुखते म्हणून मालिश करत बसले, निघालं ते हाडात उतरलेलं. लघवीचा त्रास नाही यावर जाऊ नका, हा कॅन्सर बहुतेकदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, लघवी अडते ती फार उशिरा. युरोपात दीड लाखाच्या वर पुरुषांवर अभ्यास झाला, पीएसए केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

तापीकाठ: आप्पा, काकांचं वाईट वाटलं. पण त्याच अभ्यासात १६ वर्षांनी हिशोब काय निघाला? एक मृत्यू टाळायला ५७० जणांना तपासणीला बोलवावं लागलं आणि १८ जणांना, टेस्ट केली नसती तर झालंच नसतं असं, जास्तीचं कॅन्सरचं निदान चिकटलं. तेही मुख्यतः ५५ च्या पुढचे, ४३ चे नाही.

लॅबवाली ताई, भुसावळ: दादा, ४.६ ला हलकं घेऊ नका, चाळिशीत २.५ च्या वर गेलं तरी आम्ही डॉक्टरांना कळवतो. पण थेट बायोप्सी हेही चूकच. इन्फेक्शननं आकडा वाढतो, आदल्या एकदोन दिवसात संबंध आला असेल तरी वाढतो, लांब सायकल चालवली तरी फरक पडू शकतो. आधी लघवीची कल्चर (जंतू आहेत का ते बघायची तपासणी), मग सहाएक आठवड्यांनी परत पीएसए, तरी जास्त आली तर एमआरआय. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात एमआरआय आधी केल्यानं २८ टक्के लोकांची बायोप्सीच टळली. आणि करावीच लागली तर गुदद्वारातून न करता अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या त्वचेतून करतात का ते विचारा, इन्फेक्शनचा धोका कमी.

धुळेकर आप्पा: ताई, हे सगळं जळगाव-धुळ्याला ठीक. धडगावसारख्या डोंगरातल्या दूरच्या गावचा माणूस सहा आठवड्यांनी परत येतो का? हाती आलाय तेव्हाच पक्कं करा असं मी म्हणेन.

केळीवाला, रावेर: बायोप्सीत निघालं म्हणजे लगेच ऑपरेशन असंही नाही. इंग्लंडात १६४३ जणांना १५ वर्ष पाहिलं, ऑपरेशन, रेडिएशन, नुसती देखरेख, तिन्हीकडे या कॅन्सरनं गेले ते ३ टक्क्यांच्या आसपास. मात्र ते सगळे ५० ते ६९ चे, चाळिशीतल्याला पुढं आयुष्य लांब असतं म्हणून मी आप्पांच्या बाजूनं झुकतो. आईच्या बाजूनं कोणाला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का? या कॅन्सरांशी जोडलेल्या बीआरसीए जीनमधे, खास करून बीआरसीए२ मधे, बिघाड असला तर ४० पासून पीएसए करायला सांगतात.

तापीकाठ: मावशीला होता, स्तनाचा, पंचेचाळिशीत. हे आम्हाला कोणी विचारलंच नाही. न विचारता टेस्ट करू नये हे मी सोडत नाही, पण भावाची कल्चर उद्याच देतो. ताई, प्रोस्टेटचा एमआरआय नीट वाचणारा रेडिओलॉजिस्ट जळगावात मिळेल का नाशिकच गाठावं?