खोटी लक्षणं, खरा आजार: फॅक्टिशियस डिसऑर्डर (उघड फायदा नसतानाही आजाराचं सोंग घेणं) हे निदान लिहायचं कधी?

प्रश्न (कुडाळ): 'आवाज येतात' म्हणून दाखल होणारा रुग्ण. लक्षणं पाठ केल्यासारखी. फाईलमध्ये गोवा, कोल्हापूर, मुंबईचे कागद, पण डिस्चार्ज कार्ड एकही धड नाही. पेन्शन, रजा, कोर्टाची तारीख, काहीच दिसत नाही. घरचे 'अंगात येतं' म्हणून मोकळे. निदान कशावर करायचं?

सायकिॲट्री रेसिडेंट: नुसत्या संशयावर लिहू नका. डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली, २०१३) प्रमाणे फसवणूक दाखवता आली पाहिजे, आणि ती उघड फायदा नसतानाही दिसली पाहिजे. नुसता क्लेमसाठी सोंग घेत असेल तर ते मॅलिंगरिंग.

आवाजांबद्दल मोघम विचारा, उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. खरे आवाज बहुधा येऊन-जाऊन असतात आणि रुग्णाने ते थोपवायची काही युक्ती काढलेली असते: रेडिओ लावणं, फेऱ्या मारणं. चोवीस तास अखंड आवाज, उपाय शून्य, बोलणं मात्र मुद्देसूद, हे खटकायला हवं. शेवटी सहज विचारा, 'आवाज आला की डावा अंगठा बधिर होतो का?' हे लक्षण मुद्दाम रचलेलं आहे, त्यामुळे लगेच 'हो' आलं तर नोंद करा. तेवढ्यावर शिक्का मात्र मारू नका, खरा रुग्णही भिडेने हो म्हणतो.

देवळात अवसर येतो (अंगात येतं) तो यात धरूच नका. विधीपुरता असेल, त्रास नसेल तर तो आजारच नव्हे.

वॉर्ड नर्स: रात्रीची नोंद दर तासाला ठेवा. 'झोपच नाही' म्हणणारा दीड ते पाच घोरत असेल तर तेवढंच लिहा, 'नाटक करतो' असं लिहू नका. बॅग परस्पर उचकटू नका. जुन्या डॉक्टरांना फोन करायचा तर रुग्णाची संमती घेऊन. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा त्याचा हक्क आहे.

फिजिशियन: पावसाळ्यात आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), स्क्रब टायफस हे तापाचे आजार बघा. तापात बरळणाऱ्याच्या काखा-जांघा तपासा, स्क्रब टायफसची काळी खपली बहुधा तिथेच लपते. शुगर वारंवार पडत असेल तर ग्लुकोज देण्याआधीच्या रक्तात शुगर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा घटक) तिन्ही एकदम पाठवा. इन्सुलिन जास्त, सी-पेप्टाइड कमी, म्हणजे बाहेरून टोचलेलं. दोन्ही जास्त असतील तर शुगर उतरवणाऱ्या (सल्फोनिलयुरिया) गोळ्या किंवा इन्सुलिनोमा (इन्सुलिन बनवणारी गाठ). ग्लुकोजची सलाईन आधी लावली की पुरावा गेला.

सायकिॲट्री रेसिडेंट: आणि सांगताना 'पकडलं' असा सूर नको, रुग्ण त्याच रात्री निघून जातो आणि पुढच्या गावी नवी फाईल उघडतो. 'तुम्हाला त्रास आहे, पण तो या गोळ्यांनी जाणारा नाही' इथून सुरुवात करा, आत्महत्येचे विचार त्याच बैठकीत विचारा.