डेमो खात्यात नफा दिसतोय, आता खरे पैसे लावू का?

नवखा_गडी:
मंडळी, ट्रेडिंग सॉफ्टवेअरच्या डेमो खात्यात बरेच दिवस सराव चाललाय. सुरुवातीलाच एक लाख डॉलर लुटुपुटूचे मिळाले होते, त्यावर आता बऱ्यापैकी नफा दिसतोय. खरं खातं उघडावं का? आणि लांब पल्ल्याची गुंतवणूकही त्यातच सांभाळावी की वेगळं काही घ्यावं?

हिशेबी:
नफा राहू द्या बाजूला, आधी ऑर्डर हिस्टरी उघडा. सौदे कोणत्या भावाला झालेत ते बघा. डेमोतली ऑर्डर खऱ्या बाजारात जातच नाही. विक्रीचा भाव १००.४० दिसला की बहुतेक डेमो तुम्हाला पाच हजार शेअर त्याच भावाला देऊन मोकळे होतात. खऱ्या ऑर्डर बुकात, म्हणजे खरेदी-विक्रीच्या थांबलेल्या ऑर्डरींच्या यादीत, त्या भावाला तीनशेच असतील, पुढचे १००.५५, मग १००.८०. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये नफा इथेच हवेत विरतो.

लिमिट ऑर्डरचं, म्हणजे आपणच भाव ठरवून दिलेल्या ऑर्डरचं, तर विचारूच नका. भाव नुसता टेकला की डेमोत सौदा झाला! खऱ्या बाजारात तुमच्या आधी रांग असते, आणि तुमचा नंबर लागायच्या आत भाव पळालेला असतो. स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत पडला की आपोआप विक्री, ९५ ला लावलाय आणि बाजार उघडलाच ८८ ला, तर विक्री ८८ च्या आसपासच होणार.

माझं ऐकाल तर खातं रीसेट करा आणि खरोखर लावणार असाल तेवढीच रक्कम ठेवा. सेटिंगमध्ये कमिशन शून्य असेल तर खरा दर भरा. एक लाखातला रुबाब दोन हजारांत टिकतो का, ते लगेच कळेल.

कोपऱ्यातला_वाचक:
बॅकटेस्टवरही, म्हणजे आपलं सूत्र जुन्या भावांवर चालवून पाहण्यावरही, फार विसंबू नका. आज यादीत असलेल्याच कंपन्या घेऊन मागची वर्षं तपासली, तर बुडालेल्या आपोआप गळतात आणि निकाल गोंडस दिसतो. शिवाय २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. भाव शून्याखाली जाईल असं गृहीत धरून किती जणांनी सूत्रं लिहिली असतील?

नवखा_गडी:
रीसेट करतो. पण पोर्टफोलिओचं काय?

हिशेबी:
ते वेगळं ठेवा. ‘पोर्टफोलिओ परफॉर्मन्स’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ओपन सोर्स आहे, आपल्याच संगणकावर चालतं. दिसायला रुक्ष, पण हिशेब चोख. त्यात परताव्याचे दोन आकडे दिसतात आणि तिथेच लोक गोंधळतात.

समजा १,००० लावले, त्याचे १,२०० झाले. खुशीत आणखी १०,००० टाकले आणि मग सगळंच १० टक्के पडलं. हातात उरले १०,०८०. वेळेनुसार काढलेला परतावा म्हणेल अधिक ८ टक्के. पैशांनुसार काढलेला मात्र उणे येईल, कारण खिशातून ९२० गेलेत. दोन्ही आकडे बरोबर. पहिला निवड कशी होती ते सांगतो, दुसऱ्यात पैसे कधी टाकले तेही येतं. ॲपवाले कोणता ठळक दाखवतात ते बघून घ्या.

लाभांश आणि स्प्लिटच्या नोंदी राहू देऊ नका. एनव्हिडियाचं जून २०२४ मध्ये एकाचे दहा शेअर झाले. ती नोंद नसेल तर ९० टक्के तोटा दिसेल आणि उगाच धडकी भरेल.

आणि सौद्यांची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) चढवताना तारखा तपासा. ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे सॉफ्टवेअर तुम्हाला विचारेलच असं नाही.