तर्पण तळ्याकाठी
एका ताईंनी विचारलंय, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी उघड्यावर तर्पण कुठे करायचं? आम्ही सर्वपित्री अमावास्येला ठाण्यात मासुंदा तलावाकाठी, कोपिनेश्वराच्या देवळाजवळ बसतो. दक्षिणेकडे तोंड, जानवं उजव्या खांद्यावर, हातात दर्भ आणि काळे तीळ. देवांना पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतात. पितरांना मात्र अंगठा आणि तर्जनीच्या मधून, प्रत्येकाला तीनदा. वडिलांचं नाव घेतलं की तीळ तळहाताला चिकटून राहतात आणि पुढचं नाव चटकन तोंडातून निघत नाही. आईकडच्या आजोबा-पणजोबांनाही पाणी द्यायचं असतं, ते विसरू नका. तर्पणाचं पाणी ताम्हणात धरून झाडाच्या मुळाशी घाला. पिंड, फुलं तळ्यात अजिबात नकोत, पाणी सडतं. कावळ्याचा घास आम्ही गच्चीवर ठेवतो. आजीला आवडायची म्हणून त्यात गवारीची भाजी असतेच.